दूधपित्या कोकरांचा पूरक आहार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि त्यानंतर एक सेवानिवृत्त शिक्षक या नात्याने आम्हांस चार शब्द बोलावयास सांगण्यात येते. अभ्यास, शिस्त आणि मातापित्यांची सेवा हे आमचे ठरलेले विषय. ते आपणांस आता पाठ झाले असतील. म्हणून या वर्षी चालकांची अनुमती घेऊन आम्ही विषय बदलला आहे. आज आम्ही दूधपित्या कोकरांच्या आहाराविषयी बोलणार आहोत. बोईसरच्या या सभागृहात, कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून नोकरी करणाऱ्या मंडळींपुढे, कोकरांच्या खाद्याची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीच्या निमित्ताने इकडे स्थायिक झाली. आपल्या हातातील काठी सुटून एक किंवा दोन पिढ्या झाल्या. परंतु ती सर्वांचीच सुटलेली नाही. दिवाळी उलटून भाताची कापणी आटोपली की अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमधील, पारनेर आणि त्या बाजूच्या इतर तालुक्यांतून मेंढरांची खांडे आजही घाट उतरतात. रिकाम्या भातखाचरांत मेंढरे बसतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि वाड्याला धान्य किंवा पैसे मिळतात. तांबडफुटीला घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि लहान कोकरे, असा तो तांडा रस्त्याने चालतो. आपली मुले मोटारसायकलचा कर्णा वाजवून त्याच्यातून वाट काढतात. त्या घोड्याचा लगाम धरून चालणारी बाई कदाचित आपलीच आत्या किंवा मावशी असते, हे त्यांच्या गावी नसते.

आमचाही जन्म अशाच एका वाड्यावरचा. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली ते वर्ष १९६९. त्या सुमारास आमच्या वडिलांचे खांड या बाजूच्या खाचरांतून बसत असे. आम्ही तेव्हा नऊदहा वर्षांचे होतो. रात्री दूरवर दिव्यांचा झगमगाट दिसे आणि आमच्या वाड्यावर मात्र तीन दगडांच्या चुलीचाच काय तो उजेड. त्या हिवाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीला आईचे दूध पुरेना. गावात दूध विकत घेण्याची ऐपत नव्हती. आईने जुळी व्यालेली एक मेंढी हेरली आणि रोज सकाळी तिचे अर्धे दूध काढून ती मुलीला पाजू लागली. बहीण सावरली. परंतु त्या जुळ्यांतील अशक्त कोकरू दिवसेंदिवस खंगत गेले आणि एके सकाळी वाघुरीत मरून पडलेले आढळले. आईने बांधाच्या कडेला खड्डा खणला व माती लोटता लोटता ती इतकेच म्हणाली, “त्याचं दूध आपण प्यालो.” ती बहीण आज नातवंडांसह या सभागृहात बसलेली आहे. आईचे ते वाक्य मात्र आम्हांस पुढे मॅट्रिक झाल्यावर आणि मास्तरकी करताना अनेकदा आठवत राहिले. त्या कोकराच्या तोंडी दुधाखेरीज आणखी काही घालता आले असते, हे तेव्हा वाड्यावर कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. आजच्या विषयाचे मूळ हे असे आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. वाड्यावरील रीत आपणांस ठाऊक आहे. सकाळी कोकरे पाजून घेतात आणि मेंढ्या चरावयास जातात. लहान कोकरे त्यांच्याबरोबर चालू शकत नाहीत, म्हणून ती वाघुरीच्या जाळ्यात वाड्यापाशीच राहतात. सायंकाळी मेंढ्या परतल्या की पुन्हा पाजतात. म्हणजे सकाळपासून सायंकाळपर्यंतचे आठनऊ तास कोकरू उघड्या जमिनीवर, रिकाम्या पोटी उभे असते. पहिले दोन आठवडे आईचे दूध त्याला पुरते. मेंढीचे दूध साधारणतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चढते आणि मग उतरणीस लागते. कोकराची भूक मात्र नेमकी त्याच वेळी वाढत असते. चढती भूक आणि उतरते दूध यांच्या मधल्या दरीत कोकरू खुरटते. अशक्त झालेले कोकरू मग थंडीला, जंताला आणि हगवणीला बळी पडते. आपण म्हणतो, रोगाने गेले. वस्तुतः त्याच्या मरणाला त्या रिकाम्या आठनऊ तासांपासूनच आरंभ झालेला असतो.

येथे कोकराच्या पोटाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. मेंढीला चार कप्प्यांचे पोट असते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु नवजात कोकराचे पहिले मोठे पोट, ज्यात पुढे चारा आंबतो, ते जवळजवळ निकामी असते. प्यालेले दूध एका पन्हळीवाटे थेट चौथ्या पोटात उतरते. जोवर कोकरू केवळ दूध पिते, तोवर मोठे पोट लहानच राहते. दाण्याचा भरडा आणि कोवळा पाला त्यात पडू लागला की तेथे सूक्ष्म जंतूंची वस्ती होते, दाणा आंबतो, त्यातून आम्ले तयार होतात आणि त्या आम्लांच्या योगे पोटाच्या अस्तराला लव फुटते. ही लवच पुढे आयुष्यभर चाऱ्यातील सत्त्व शोषून घेते. पाल्याने व गवताने पोटाचा आकार आणि बळ वाढते. म्हणून दाणा व पाला दोन्ही हवेत. साधारणतः दहाव्या ते पंधराव्या दिवसापासून कोकरू काडी-कचरा तोंडात धरू लागते. ते आपणच सांगत असते की आता मला शिकवा.

पूरक आहार हा नावाप्रमाणे पूरक आहे. तो दुधाच्या जागी द्यावयाचा नसून दुधाच्या जोडीला द्यावयाचा आहे. त्याच्याही आधीचा पहिला घास म्हणजे चीक. मेंढीच्या गर्भाशयातून रोगप्रतिकारक द्रव्ये कोकराला मिळत नाहीत. ती सर्व चिकातून मिळतात, आणि जन्मानंतर पहिल्या दिवसभरातच काय ती आतड्यातून शोषली जातात. जसजसे तास जातील तसतसे ते दार मिटत जाते. म्हणून जन्मल्यापासून तास-दोन तासांत कोकराने चीक प्यायला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या निदान दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. कोकरू तीन किलोचे असेल तर हे माप ३०० ग्रॅम भरते. “चीक जड पडतो” म्हणून तो काढून टाकण्याची चाल अजूनही कोठे कोठे आहे. ती चाल म्हणजे कोकराची ढाल हिरावून घेणे होय. आई मेली किंवा आटली तर दुसऱ्या ताज्या व्यालेल्या मेंढीचा चीक पाजावा. पुढे वरचे दूध द्यावयाचे झाल्यास मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा पुष्कळच स्निग्ध असते, हे लक्षात ठेवावे. पाणी घातलेले गाईचे दूध पाजून कोकराचे भागत नाही.

आता आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. सेवानिवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या पुतण्याचा वाडा पालघरजवळ उतरला होता. आम्ही पूरक आहारावरील एक पत्रक वाचले होते, आणि अर्धवट वाचले होते. आईचे वाक्य मनात होतेच. आम्ही उत्साहाने मक्याचा भरडा व पेंड यांचे पोते विकत घेऊन वाड्यावर गेलो आणि वाघुरीत पत्र्याची पाटी भरून ठेवली. पुतण्या संकोचाने म्हणाला, “तात्या, एवढं?” आम्ही म्हणालो, “खाऊ दे पोटभर.” तीन दिवस कोकरांनी नुसते हुंगले. चौथ्या दिवशी त्यांना गोडी लागली. पाचव्या दिवशी पहाटे सर्वांत गुटगुटीत अशी तीन कोकरे माना मागे टाकून, पाय झाडीत पडलेली होती. ऊन वर येईतो तिन्ही गेली. दुबळ्यांपैकी एकालाही काही झाले नव्हते.

पशुवैद्यांनी सांगितले की हा आंत्रविषार. या रोगाचे जंतू आतड्यात मुळातच थोडे असतात. एकाएकी पुष्कळ दाणा पोटात गेला की ते भराभर वाढतात आणि त्यांचे विष अंगात भिनते. म्हणूनच हा रोग जास्त खाणाऱ्या, धष्टपुष्ट कोकरांनाच गाठतो. मेंढ्यांना विण्यापूर्वी लस टोचलेली असती तर तिचे संरक्षण चिकावाटे कोकरांना मिळाले असते. त्या वर्षी ती टोचावयाची राहून गेली होती. आम्ही मान खाली घालून बसलो होतो. आमच्या वहिनी, ज्यांनी सारे आयुष्य वाड्यावर काढले आहे, जवळ येऊन म्हणाल्या, “भाऊजी, शाळंत पहिलीच्या पोराला पहिल्याच दिवशी चौथीचं पुस्तक देत होता का तुम्ही?” छत्तीस वर्षे ज्याने मुलांना शिकविले त्याला याहून मोठी शिकवण कोणती? त्या तीन कोकरांची भरपाई आम्ही पुतण्याला देऊ केली. त्याने ती घेतली नाही. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वाड्यावर जाणे आम्हांस भागच होते.

दुसऱ्या वर्षी काम वहिनींच्या हाती दिले. त्यांनी नारळाची एक करवंटी माप म्हणून ठरविली. किराणा दुकानातील काट्यावर भरडा तोलून आम्ही तिच्या आत खुणा करून दिल्या. तेव्हा जी पद्धत बसली आणि जी जाणकारांच्या सांगण्याशीही जुळते, ती येथे क्रमाने सांगतो.

पंधराव्या दिवशी आरंभ करावा. पहिल्या आठवड्यात दर कोकरामागे १० ते २० ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच. महिन्याचे होईतो हळूहळू ५० ग्रॅमपर्यंत जावे. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस १०० ग्रॅम आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस २०० ग्रॅम. एकदम कधीही वाढवू नये. वाढ तीनचार दिवसांनी आणि थोडी थोडी करावी. दिवसाचे माप दोन वेळांत विभागावे. तास-दोन तासांत जे उरेल ते काढून मोठ्या मेंढ्यांना घालावे, पाटीत शिळे ठेवू नये. या मापाने तीन महिन्यांत एका कोकराला सुमारे सातआठ किलो खाद्य लागते. एवढ्याशा खर्चासाठी कोकराचा सारा जन्म खुरटू द्यावा काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.

दहा किलो मिश्रणासाठी मक्याचा भरडा साडेचार किलो, शेंगदाण्याची पेंड तीन किलो, गव्हाचा कोंडा २ किलो २०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम घ्यावे. यात सुमारे २० टक्के प्रथिने पडतात आणि वाढत्या कोकराला तेवढी हवीच असतात. खनिज मिश्रण मेंढ्यांसाठीचे म्हणून मागून घ्यावे, कारण मेंढीला तांबे सोसत नाही आणि इतर जनावरांच्या मिश्रणात ते तिला अपायकारक होण्याइतके असू शकते. स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावे. पाटी जमिनीपासून थोडी उंच बांधावी, म्हणजे कोकरे तीत पाय घालून लेंड्या टाकणार नाहीत. घाणेरड्या पाटीतूनच रक्ती हगवण पसरते.

वाड्यावर वाघूर असतेच आणि मेंढ्या दिवसा रानात असतात, त्यामुळे निराळ्या बांधणीची गरज नाही. ज्यांच्या घरी मेंढ्या किंवा शेळ्या गोठ्यात बांधलेल्या असतात, त्यांनी कोपऱ्यात बांबूचे कुंपण करून त्यात एक वितीपेक्षा किंचित अरुंद अशी फट ठेवावी. पिल्लू आत शिरते, आईला शिरता येत नाही. आपल्यापैकी ज्या भगिनींनी बोईसरच्या आसपासच्या गावांत दोनचार शेळ्या पाळल्या आहेत, त्यांनी करडांसाठी हीच पद्धत अवलंबावी.

आता आपल्या भागापुरत्या काही सूचना. घाटावरील माणसाला येथील दमट हवेची कल्पना नसते. शेंगदाण्याच्या पेंडीला येथे लवकर बुरशी धरते आणि ती बुरशी विषारी असते. पेंड फोडून पाहावी, वास घ्यावा, थोडी थोडी आणावी आणि पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे. भाताच्या गिरणीतील बारीक कोंडा येथे सहज मिळतो. तो ताजा असेल तर गव्हाच्या कोंड्यापैकी काही भाग त्याने भरून काढता येतो. परंतु त्यात तेल असल्याने तो लवकर खवट होतो. भाताच्या तुसात मात्र काहीच सत्त्व नाही, ते कोणी कोंडा म्हणून गळ्यात मारल्यास घेऊ नये. भाताचा पेंढाही कोकराच्या उपयोगाचा नव्हे. त्याऐवजी भातानंतर खाचरांत वाल घेतात, त्या वालाचे भुसकट शेतकऱ्याकडून मागून घ्यावे. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या कोवळ्या फांद्यांच्या जुड्या बांधून कोकरांच्या तोंडाच्या उंचीवर टांगाव्या. सुबाभूळ एकटीच पोटभर देऊ नये, तिच्यात अपायकारक अंश असतो. जुड्या टांगण्याची ही रीत आमच्या आईलाही ठाऊक होती. नव्या विद्येने तिच्यात दाण्याची तेवढी भर घातली आहे.

आणि लस. आंत्रविषाराची लस गाभण मेंढ्यांना विण्यापूर्वी महिना-दीड महिना टोचून घ्यावी, आणि कोकरांची लस पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी. जे कुटुंब दाणा सुरू करील आणि लस विसरेल, ते आमचीच चूक पुन्हा करील.

वहिनींच्या देखरेखीखाली त्या वर्षी आंत्रविषाराने एकही कोकरू गेले नाही, आणि एका मेंढीच्या जुळ्यांतील दुबळे कोकरू तीन महिन्यांत आपल्या भावाच्या बरोबरीला आले. एका खांडाच्या एका वर्षावरून मोठा सिद्धान्त मांडू नये, हे आम्ही जाणतो. परंतु ते कोकरू वाघुरीत उड्या मारताना पाहून आमच्या मनावरचे जुने ओझे थोडे हलके झाले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

जुळ्यांचा प्रश्न पुढे वाढणारच आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९६८ साली झाली, बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरविला आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी सिद्ध केली. जुळी झाली म्हणजे उत्पन्न दुप्पट, असे मानणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की आईला आचळे दोनच आणि दूध आहे तेवढेच. पूरक आहाराशिवाय जुळे हे वरदान ठरत नाही. पुण्यास गोखलेनगर येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या नावाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून कार्य करीत आहे. आपल्या जिल्ह्यात डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा ठिकाणी जाऊन विचारण्यात कमीपणा नाही.

कोसबाडचे नाव निघाले म्हणून शिक्षकाच्या जिभेवर आणखी एक नाव येते, ते ताराबाई मोडक यांचे. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी व अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. मूल जेथे आहे तेथे शिक्षकाने जावे, हा त्यातील भाव. आपल्या मंडळाकडे आमचे मागणे हेच आहे. वाडे आपल्या सभागृहात येणार नाहीत. आपण वाड्यांवर गेले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. या हिवाळ्यात पालघर-बोईसर परिसरात जेवढे वाडे उतरतील, त्यांची यादी तरुण मंडळींनी करावी. प्रत्येक वाड्याला कोकरांच्या खाद्याचे एक पोते, दोन पाट्या आणि खुणा केलेले एक माप मंडळाने द्यावे. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून लसीची तारीख ठरवावी, कारण वाड्यावरची माणसे अनोळखी गावात कचेरीची पायरी चढावयास बिचकतात. मेळाव्याच्या शोभेवर आपण जो खर्च करतो, त्यातील काही भाग इकडे वळविला तर मंडळाची शोभा कमी होणार नाही. आरंभ म्हणून आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम आम्ही आज चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत. तिची वाच्यता करण्याचा विचार नव्हता. पण कोणी तरी पहिले नाव लिहावे लागते.

आज ज्या मुलांचा सत्कार झाला, त्यांना शेवटी एकच सांगतो. बाळांनो, येत्या रविवारी आपल्या आईवडिलांना घेऊन एखाद्या वाड्यावर जा. तेथील आजीला नमस्कार करा, तिला आपले गाव व कूळ सांगा आणि वाघुरीतील कोकरांना काय घालते ते विचारा. ती सांगेल ते वहीत लिहून घ्या. आम्ही अर्धवट वाचून गेलो होतो, तुम्ही पूर्ण ऐकून या.

 जय मल्हार!